पाऊण टाकी

१२ जून, गुरुवार. संध्याकाळ.

परवा निघायचं. नेब्रास्कातल्या आमच्या गावापासून बॉइसीपर्यंत हजार मैल. लोक दोन दिवसांत जातात, मी आठ दिवस धरलेत. बावीसला, रविवारी, ब्रिटाच्या मुलीचा बाप्तिस्मा. आमची पहिली नात.

आज विहिरीचं पाणी आमच्या राहण्या-झोपण्याच्या ट्रेलरच्या टाकीत भरलं. आमच्या चर्चमध्ये नळ कधीच नव्हता. बाप्तिस्म्याला ज्याने त्याने आपल्या विहिरीचं पाणी आणायचं, अशी शंभर वर्षांची रीत. माझे वडील या पाण्याचे, मी या पाण्याचा, आमची लेक ब्रिटाही. गेल्या वर्षी माणसंच उरली नाहीत म्हणून चर्चला कुलूप लागलं. विहिरीला कुलूप लागत नाही.

टाकी साठ गॅलनची, ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला. पाऊण भरली आणि विहिरीचा पंप तापून बंद पडला. पाऊण पुरे.

बायको, वेल्डा, म्हणाली, एक बरणी पुरली असती, पोरीला न्हाऊ घालायचंय की आख्ख्या गावाला? मी शांतपणे समजावलं की असलं पाणी बरणीने मोजू नये. बरं पाद्रीबुवा, म्हणाली आणि विहिरीकडे फिरायला गेली. पटलेलं दिसलं.

१३ जून, शुक्रवार. पहाटे.

झोप नाही. उठून हिच, म्हणजे ट्रेलरची जोडणी, तीनदा तपासला. हा ट्रेलर मागच्या आकड्याला लटकत नाही. पिकअपच्या हौद्यातच त्याची मान येऊन बसते, पिन हिचमध्ये अडकते. म्हणून प्रवास फार सुखाचा, असं पुस्तिकेत आहे.

वेल्डाच्या पाठीचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. डॉक्टर म्हणाले, गचके नकोत. ती विमानाने जाणार होती. मी शब्द दिला की माझ्या शेजारी सोफ्यावर बसल्यासारखी येशील. तिने अट घातली: पाठ दुखली तर जिथे असू तिथून बस पकडीन, आणि पुन्हा या डब्यात पाऊल टाकणार नाही. मी हो म्हटलं. कोठारातली नोकरी सोडली की आम्ही दोघांनी घर विकून याच डब्यात राहायचं, हे मी मनात ठरवलंय. तिला अजून सांगितलेलं नाही. हा प्रवासच सांगेल.

चिंता अशी नाही. सव्वीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळतोय. फाटकातून ट्रक आत येताना नुसता बघून सांगतो, माल पुढे जास्त की मागे.

संकल्प: वाटेत वाद नाही. रोज संध्याकाळी एक स्तोत्र.

१४ जून, शनिवार. ओगलाला.

गचके. ब्रेक दाबला की ट्रेलर मागून खोंडासारखी ढुशी देतो. वेग दिला की मागे ओढतो. दिवसभर पुढे-मागे, पुढे-मागे. वेल्डाची कॉफी तिच्या झग्यावर, मग माझ्या बायबलवर.

कारण उघड आहे. रस्ता काँक्रीटचा. दर पंधरा फुटांवर सांधा. सरकारला पत्र लिहिणार.

वेल्डा पाठीमागे एक उशी आणि कमरेखाली एक उशी घेऊन बसली. तिसरी मांडीवर, पोटाशी धरून. ती कशाला, विचारलं. म्हणाली, राहू दे. बोलण्यात थोडा तुटकपणा.

संध्याकाळचं स्तोत्र उद्या दोन.

१५ जून, रविवार. सिडनी.

काँक्रीट संपून डांबर लागलं. गचके तेच. म्हणजे टायर. चारी टायरची हवा दहा पौंड कमी केली. मग ट्रेलर डुलायला लागला. पुन्हा भरली. वेल्डा म्हणाली, देवाने सातव्या दिवशी विश्रांती घेतली, तूही घे. रेडिओवर प्रवचन ऐकलं. विषय सहनशीलता. निम्म्यातच उठून शॉक अ‍ॅब्जॉर्बर बघून आलो.

१६ जून, सोमवार. शायेन.

शॉक अ‍ॅब्जॉर्बर नवे बसवले. पंचवीस मैल उत्तम गेले असं मला वाटलं. वेल्डाला तसं वाटलं नाही.

ट्रकथांब्यावरच्या काट्यावर गाडी चढवली. काट्यावरची बाई म्हणाली, दादा, पुढे पिनवर भार फारच कमी आहे, मागे काय भरलंय? मी म्हणालो, काही नाही. खोटं बोललो नाही, मागची कपाटं खरंच रिकामी आहेत. ती म्हणाली, मग हे ‘काहीच नाही’ जरा पुढे सरकवा. वेल्डा इतकं हसली की पाठ धरून बसावं लागलं.

त्यांचा काटा थकलेला वाटला. काट्याची तपासणी वेळेवर झाली नाही की असं होतं. मला माहीत आहे, मी त्यातलाच आहे. बाईंना तसं सौम्यपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, पुढचा ट्रक येऊ द्या.

संध्याकाळी निर्णय: हवेच्या फुग्यावर बसणारा हिच घ्यायचा. ज्याला पाठदुखीची काळजी आहे त्याने मागेपुढे पाहू नये.

१७ जून, मंगळवार. लॅरमी.

सकाळी नवा हिच बसला. सुंदर वस्तू. मेकॅनिक म्हणाला, मालक, आता तुम्हाला ट्रेलर जोडलाय हेसुद्धा कळणार नाही.

कळतंय.

आता गचका एकदम येत नाही. आधी फुगा श्वास घेतो, मग गचका, मग परत एक छोटा. वेल्डा म्हणाली, पूर्वी लाथ होती, आता लाथ मारून माफी मागतो आणि परत मारतो. मी म्हणालो, फुगा नवा आहे, मुरेल. ती म्हणाली, लोणचं आहे का?

टाकीचा मीटर पाहिला. पाऊण. रोजचं पाणी कॅम्पच्या नळावरून घेतो, टाकीला हात लावत नाही. या गाडीत एवढा एक मीटर खरं बोलतो.

१८ जून, बुधवार. रॉलिन्स. संध्याकाळी ७.

वाईट दिवस. वारा आडवा. वेल्डा उतरताना दाराला धरून उभी राहिली, डोळे मिटून.

मग तिने सांगितलं, उद्या सकाळी नवाची बस आहे. तू ये मागून तुझ्या विहिरीसकट. मी म्हटलं, मला एक संध्याकाळ दे. तिने खांदे उडवले. तेवढं पुरे, मी कामाला लागलो.

कॅम्पवर शेजारच्या जागेत डेल्मर नावाचे सत्तरीचे गृहस्थ, बरोबर आंधळी कुत्री. चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. कॉफीला बोलावलं. ते म्हणाले, राजा, टँकर भरलेला चालतो, रिकामा चालतो. अर्धामुर्धा भरलेला मात्र नको. आतलं दूध आपल्याबरोबर थांबत नाही, आपल्याबरोबर निघत नाही. ब्रेक मारला की मागून येऊन बुक्की घालतं. मला हे फार रोचक वाटलं. म्हणालो, आमचं सुदैव की आमचा टँकर नाही. वेल्डाने कप खाली ठेवला आणि डेल्मरना विचारलं, काका, परत एकदा सांगा. दुसऱ्याच्या धंद्याबद्दल तिला नेहमीच कुतूहल.

८.

पिकअपच्या हौद्यात उताणा पडून हिचच्या फुग्यातली हवा पाच पौंड उतरवली. वेल्डा टॉर्च घेऊन पाय मोकळे करायला गेली होती. मी तिथे असताना कुठेतरी नळ उघडा राहिल्याचा आवाज येत होता. चांगली वीस-पंचवीस मिनिटं. पाणी नुसतं वाहत होतं. या कोरड्या मुलखात. वेल्डा आली तेव्हा तिला म्हणालो, ऐक, लोकांना पाण्याची किंमत नाही. नळ बहुतेक डेल्मरचा असेल, म्हातारा विसरला असेल. ती म्हणाली, असेल.

खाली उतरलो तर ट्रेलरच्या मागे जमीन ओली. उतार आमच्याकडेच आहे.

वेल्डा म्हणाली, बस उद्या नको, एक दिवस बघते. मी अजून नीट प्रार्थनाही केली नव्हती. तरी ऐकली गेली. आज दोन स्तोत्रं म्हटली, मागची बाकीही फेडली.

१९ जून, गुरुवार. एव्हन्स्टन.

आनंदाने लिहितोय.

ट्रेलर मागे आहे ना हे बघायला दोनदा आरशात पाहिलं. ढुशी नाही, ओढ नाही. उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी नुसती थांबली. पाच पौंड. सगळा प्रश्न पाच पौंड हवेचा होता. संयमाने शोधलं की सापडतं.

वेल्डा ग्रीन रिव्हरच्या आधीच झोपली. सहा दिवसांत पहिल्यांदा. पाठीमागची उशी आणि कमरेखालची उशी मागच्या सीटवर फेकलेल्या. मांडीवरची तशीच, दोन्ही हातांनी धरून. मी रेडिओ बंद केला आणि ऐंशी मैल गप्प चालवलं. चर्चच्या बाकावर बसल्यासारखं वाटत होतं.

जागी झाल्यावर म्हणाली, किती वाजले? असा प्रश्न सुखी माणूस विचारतो. घर विकायचं बोलणार होतो. बॉइसीला बोलू.

२० जून, शुक्रवार. ट्विन फॉल्स.

कॅम्पवर चौघेजण आपापल्या ट्रेलरच्या गचक्यांबद्दल रडत होते. मला राहवलं नाही. घडीच्या खुर्च्या गोल मांडून त्यांना तासभर समजावलं: रस्ता, टायर, शॉक, हिच आणि शेवटी ते पाच पौंड. एकाने लिहूनही घेतलं. वेल्डाने मागून म्हटलं, रॉलिन्सला काय केलंस ते सांग ना परत. परत सांगितलं. तिला ऐकायला आवडतं. ऐकताना तोंडाला रुमाल लावला होता, खोकला असावा.

यावर एक छोटी पुस्तिका लिहावी असा विचार आहे. पहिलं प्रकरण सहनशीलता.

मीटर: पाऊण.

२१ जून, शनिवार. बॉइसी.

पोचलो. ब्रिटा दारातच. बाळ माझ्या हातात दिलं. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि शिंकलं. तिला म्हणालो, तुझं पाणी आणलंय, आख्खी टाकी. ब्रिटा म्हणाली, बाबा, आख्खी? वेल्डा तिला आत घेऊन गेली. आतून दोघींचं हसणं बराच वेळ.

उद्या चर्चच्या अंगणात ट्रेलर लावणार. जुना इनॅमलचा जग आणलाय, वडिलांचा. लोकांसमोर टाकीतून भरायचा.

२२ जून, रविवार. दुपार.

चर्चच्या अंगणात पंधरा-वीस माणसं. जावयाकडचे सगळे. पाद्रीण बाई झग्यात. मी जग नळाखाली धरला आणि पंपाचं बटण दाबलं. पंप घरघरला. खोकला. मग हवा. आणखी हवा. तीन थेंब. मीटरकडे पाहिलं. पाऊण.

जावयाचे काका म्हणाले, हेच का ते प्रसिद्ध पाणी?

वेल्डा पिकअपपाशी गेली आणि मांडीवरची ती उशी घेऊन आली. अभ्र्याची गाठ सोडली. आत लोणच्याची बरणी, झाकणावर चिकटपट्टी, त्यावर तिच्या अक्षरात १२ जून. ती जगमध्ये ओतली. जगचा तळ जेमतेम झाकला. पाद्रीण बाईंनी त्यातलंही थोडंच वापरलं. बाळ रडलं नाही.

नंतर विचारलं, कधी. म्हणाली, रॉलिन्सला, तू लोकांना पाण्याची किंमत नाही म्हणालास ना, तेव्हा मी टाकी रिकामी करून, नळ बंद करूनच आले होते. मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगितलं असतं तर तू ती टाकी बादल्यांनी गावभर वाटत बसला असतास आणि आपण अजून तिथेच असतो.

बसने जाणार का, हे विचारलं नाही. तीच म्हणाली, परत निघायचं कधी? पाठ बरी आहे तोवर निघू.

घर विकण्याचं बोललो नाही.

ट्विन फॉल्सच्या चौघांचे पत्ते घेतलेले नाहीत. ज्याने लिहून घेतलं त्याची काळजी वाटते.

जगमधलं परत ओतलं, पाऊण बरणी उरली आहे. परतीला ती वेल्डाच्या मांडीवर ठेवणार. वजन पुढे असलेलं बरं.