लाल आलेला माल

आई, भाईंदर पूर्वेचा तो पत्र्याचा गाळा मी अजून चालवतेय. बाबांच्या मागे तू तिथे गंज चढू नये म्हणून लोखंड काळं करून द्यायचीस. कॉस्टिक सोड्याची टाकी रटरट उकळत असायची, माल तिच्यात बुडवला की काजळासारखा होऊन वर यायचा. पाणी आटून ताप वाढला की मात्र माल लालसर येतो. मग लांब पाइपने थोडं थोडं पाणी सोडायचं. कॉलेज सुटल्यावर हे तू मला शिकवलंस. ताप आपण नजरेनेच ओळखायचो.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. आपल्याला माल देणाऱ्या शेठच्या बिजागरीच्या पिना नेहमी चकचकीत सळीच्या असायच्या, त्या दिवशी जरा करड्या दिसल्या. तू विचारलंस तर म्हणाला, "अरे बेन, लोहा तो लोहा है. बस, काला चाहिए." पिनांनी भरलेली पहिली जाळी टाकीतून वर येते ती अर्धी काळी, अर्धी विटकरी. "टाकी जास्त तापलीय गो," म्हणत तू पाणी सोडतेस. दुसरी जाळीही तशीच. पुन्हा पाणी. आणखी एकदा पाणी, आणि उकळी बसते. टाकी इतकी गप्प होते की बाहेर खारीगावच्या रस्त्यावरची सायकलची घंटा आत ऐकू येते. मला ते गप्प होणं आवडत नाही. "आई, थांब जरा." "काय न्हाय व्हत," तू म्हणतेस आणि जाळी खाली सोडतेस.

वर साचून राहिलेलं पाणी जाळीने ढवळून तापल्या कॉस्टिकमध्ये गेलं आणि टाकीतलं सगळं उसळून छपराच्या पत्र्यापर्यंत उडालं. मी पिंपातलं पाणी तुझ्या तोंडावर ओतत राहिले, ओतत राहिले. तुझा डावा डोळा गेला.

इस्पितळात शेठ आला, पण खुर्चीवर बसला नाही. "बेन, इस बार माल दो जगह से उठाया था." अर्ध्या पिना भंगार पुन्हा लाटून काढलेल्या सळीच्या होत्या. टाकी कितीही बरोबर असती तरी त्या लालच येणार होत्या. पाण्याची गरजच नव्हती. तू त्याला एवढंच विचारलंस, "मंग सांगला का न्हाय?"

काही महिन्यांनी तू पुन्हा टाकीपाशी उभी राहिलीस. नवा माल आला की आधी एकच तुकडा बुडवून बघायचीस, मगच जाळी भरायचीस. मीही तसंच करते. तू गेल्यावर थर्मामीटर आणला, कामगारांना चष्मे दिले. सगळे म्हणतात, मॅडम आईसारख्याच खमक्या. पण टाकीत पाणी सोडायची वेळ झाली की मी फोन आल्याचं सांगून बाहेर जाते. फोन आलेला नसतो, आई.