घड्याळातला संपलेला सेल

अपूर्वा,

मी कांदिवलीला माणिकमावशीकडे जातेय, संध्याकाळी येते. आमटी गरम करून घे.

नापास झाल्यावर तू माळ्यावर टाकलेला सर्किटचा डबा मी न विचारता उघडला, रागावू नकोस. तुझ्याच वहीत संपलेल्या सेलमधल्या उरल्यासुरल्या विजेवर दिवा लावायचं सर्किट होतं, ते बघून जोडलं. तांब्याच्या तारेवर वार्निश असतं नि त्यातून वीज जात नाही हे मला कुठलं ठाऊक? दोन दिवस काही पेटेना. शेवटी विळीवर तार खरवडली आणि भिंतीवरच्या घड्याळातला संपलेला सेल लावला, तर बाई गं, एलईडी लागला. सोमवारपासून देवघरात चालूच आहे. मी बघत उभी राहते आणि पोळ्या करपतात.

वहीतलं पुढचं पान मला कळत नाही, तुला कळतं. परीक्षेचा फॉर्म भरायला उद्याचाच दिवस आहे. फॉर्म त्या दिव्याखाली ठेवलाय.

आई