एका नांगीचा खेकडा

रविवार, कर्जत

शी! स्वतःचीच किळस येतेय. वाचनालयातल्या सत्कारात एका मुलीने विचारलं, "ताई, तुमच्या पुस्तकातला एका नांगीचा खेकडा सुचला कसा?" आणि मी माईकवर बिनदिक्कत सांगितलं, "स्वप्नात आला."

स्वप्नात कसला! खोपोलीच्या कारखान्यात मामाचा डावा हात मशीनमध्ये गेला, तेव्हा आम्ही पोरं त्याच्याजवळ जायला घाबरायचो. म्हणून त्याने तो खेकडा रचला, एकाच नांगीने चंद्राला बिळात ओढून नेणारा. मी फक्त लिहून काढला. मग मामाचं नाव घ्यायला जीभ का अडली? कारखान्यातल्या मामापेक्षा स्वप्न भारी वाटलं म्हणून?

मामा पहिल्याच रांगेत होता. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा तो उरलेला हात मांडीवर आपटत होता. धप, धप. अजून कानात आहे तो आवाज.

चहाच्या वेळी तोच हात त्याने माझ्या खांद्यावर ठेवला. चेहरा नुसता खुललेला. "अगं, मी पन तुमाला असाच एक खेकडा सांगायचो. आठवतो का गं?"

"नाही रे मामा," मी म्हणाले. "नाही आठवत."