फोन बारा वेळा वाजला

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुरुस्ती करताना लिफ्ट अर्धा मजला घसरली, मी तिच्या छतावर होतो आणि खरचटण्यावर निभावलं, हे तुला ठाऊक आहेच. पण तेव्हापासून छतावर पाय ठेवला की हातातला पाना थरथरतो. साहेब म्हणाले, महिनाअखेर चढला नाहीस तर कायमचा गोदामात बसशील. तुझी भावजय म्हणते, बरंच होईल. मला मात्र वीस वर्षांचं काम सोडवत नाही.

तू सांगितलंस तसं श्वासाकडे लक्ष देतो. भीती आली की जोरजोरात श्वास घेऊन तिला हाकलतो. ती दुप्पट होऊन येते. काल तर चक्कर आली. तुझ्या बुद्धांनी लिफ्टवाल्यांसाठी वेगळं काही सांगितलंय का, ते विहारात विचारशील?

तुझा माकडोबा

८ मार्च

चि. माकडोबास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसूही आलं आणि काळजीही वाटली. अरे, श्वास ही काय भीतीवर उगारायची काठी आहे? तो येईल तसा येऊ द्यायचा, आपण नुसतं जाणायचं. विहारातल्या भन्तेंना विचारलं, तर ते म्हणाले, तुमचा भाऊ लिफ्टच्या मोटारीतली खरखर कशी शोधतो? मला आठवलं, तू स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवतोस आणि मूठ कानाला लावतोस. तेव्हा मोटारीवर रागावत नाहीस. आवाज कुठून येतो, वाढतो की उतरतो, एवढंच ऐकतोस.

भीतीलाही तसाच कान लाव. आधी जमिनीवर, मग स्टुलावर. आणि सुरक्षेचा पट्टा विसरू नकोस, ते काम ध्यान करत नाही.

तुझी ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पट्टा दोनदा तपासून चढलो, तर भीती बाईसाहेब हजर. हाकललं नाही. आधी पोटात होती, मग घशाशी आली, मग हात गार पडले. थोड्या वेळाने कळलं की ती एका जागी टिकतच नाही. गेली नाही गं, पण तिच्यासकट चारही नट आवळले. साहेबांनी गोदामाचं नाव काढलं नाही.

लहानपणी मी झाडावर अडकलो की तू एकेक फांदी सांगून उतरवायचीस. या वेळी चढवलंस. उपकार मानले तर रागावशील, तरी मानतोच. फोन मात्र बारा वेळा वाजल्यावर उचललास. बहिरी झालीस काय?

रागाव हवं तर, माया कमी करू नकोस.

तुझा माकडोबा

२ एप्रिल

चि. माकडोबास,
अनेक आशीर्वाद.

बहिरी नाही झाले. लिफ्ट घसरली त्या दिवशी तुझ्या साहेबांचा फोन मीच घेतला होता. तेव्हापासून फोन वाजला की मला तो उचलवत नाही. कोणीतरी दुसऱ्याने उचलावा म्हणून मी मोरीत जाऊन नळ सोडते. तुला शिकवणारीची ही तऱ्हा, सांगायची लाज वाटली.

२८ तारखेला घरात कोणी नव्हतं. तू चढणार हे माहीत होतं. फोन वाजू लागला आणि मी नळाकडे निघाले. मग तुझी मोटार आठवली. तिथेच उभी राहिले, कान लावला. छातीत धडधड, गुडघ्यात कापरं. ते थोडं ओसरलं तेव्हा हात पुढे केला, आणि तुझा आवाज आला.

उपकार कोणी कोणाचे मानायचे ते आता तूच ठरव. चढलास की उतरल्यावर मला फोन करत जा. मी उचलीन.

तुझी ताई