निजलेल्या डिस्कला उठवावे की नाही

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. तुम्ही दिलेली डिस्क सुखरूप आहे आणि तिच्यातला एक शब्दही गेलेला नाही, असे दुरुस्तीवाल्या बाईंनी काल तपासून सांगितले. तुमची तब्येत कशी आहे? (आधी डिस्कची खुशाली कळवून मग तुमची विचारतोय, राग मानू नका. सध्या आमच्याकडे विचारपूस याच क्रमाने चालते.) आम्ही सगळे मजेत आहोत. तुमच्या बाबांचा गुडघाही बरा आहे, म्हणजे भांडायला ताडकन उभे राहता येईल इतका.

तर झाले असे. तुमच्या ताईने अंधशाळेतल्या मुलांसाठी वाचून रेकॉर्ड केलेली यंदाची सगळी पाठ्यपुस्तके त्या एकाच डिस्कवर आहेत आणि ती परीक्षेआधी मुलांपर्यंत पोचायलाच हवीत. डिस्कची पेटी ताईच्या टेबलाखाली असायची. ताई वाचायला लागली की खालून पेटी घरघरायची. (पचनसंस्थेच्या धड्याला ती साथ शोभून दिसली, पण कवितांना नाही.) म्हणून ताईने कॉम्प्युटरला सांगून ठेवले की जरा काम नसले की डिस्कने निजायचे, म्हणजे फिरणे थांबवायचे. बाबांनी हे ऐकले मात्र, पाणीपुरवठ्याच्या पंपघरातली त्यांची सगळी नोकरी एकदम उसळून वर आली. म्हणाले, "चालतं यंत्र मरत नाही. मरतं ते बंद-चालू करताना. रिकामी असली तरी फिरू दे." ताई म्हणाली, "बाबा, ती डिस्क आहे, पंप नाही." "फिरते ना? मग झालं तर."

मी दोघांना वेगवेगळे गाठून "तुमचंच बरोबर आहे" असे सांगितले. घरात शांतता राखण्याची ही माझी ठरलेली पद्धत आहे आणि तिचा आजवर कधीही उपयोग झालेला नाही. या वेळी तर दोघांनाही जोर चढला. ताई डिस्कला निजवून स्वयंपाकघरात गेली की बाबा आत शिरायचे आणि डिस्कवरचा आपल्या निवृत्तीच्या सत्काराचा फोटो उघडायचे, म्हणजे ती उठायची. क्षणभर स्वतःकडे पाहून ते समाधानाने बाहेर यायचे. मग ताई जाऊन परत निजवायची. वर्गात शिक्षा झालेल्या मुलाने काढाव्यात तशा उठाबशा बिचारी दिवसभर काढत होती.

आमचे बोलणे जिन्यात ऐकू जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या कानावर दिवसभर पडत होते ते असे : "आत्ताच निजलीय, उठवू नका तिला." "अशी निजवत राहिलीस तर एक दिवस उठायचीच नाही ती." "अंग बघा किती तापलंय." आणि शेवटी ताईचे, "सकाळपासून घरघर लागलीय नुसती." घरघर म्हटल्यावर नर्सबाई बॅग घेऊन धावत वर आल्या. "पेशंट कुठाय?" बाबांनी टेबलाखाली बोट दाखवले. त्या माऊलीने वाकून पाहिले, पेटी पाहिली, मग आम्हा तिघांना पाहिले. "दिवसातून किती वेळा उठवता हिला?" बाबा म्हणाले, "लागेल तसं." "मग ती आजारी नाहीये," नर्सबाई म्हणाल्या, "वैतागलीय." आणि गेल्या.

दुसऱ्याच दिवशी डिस्क खरोखरच उठेना. एकदा खट् झाले आणि सगळे गप्प. ताई डोक्याला हात लावून खुर्चीत बसून राहिली. वर्षभराचे वाचन, परीक्षा तोंडावर. बाबा "बघ, मी सांगत होतो" असे म्हणाले नाहीत, तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. त्यांनी पेटी उचलली आणि रिक्षात मांडीवर घेऊन दुरुस्तीच्या दुकानात नेली.

निघाले काय, तर वायर सैल झाली होती. (टेबलापाशी दोघांची एवढी ये-जा होऊन पाय लागल्यावर दुसरे काय होणार?) निजवावी की फिरती ठेवावी, हेही बाबांनी विचारून घेतले. दुरुस्तीवाल्या बाई म्हणाल्या, "काहीही करा, पण एकच काहीतरी करा. आणि आधी दुसरी प्रत काढा. आज रात्रभर चालू ठेवून बघा."

ताईला आवाज नको, म्हणून पेटी रात्री बाबांच्या खोलीत ठेवली. सकाळी बाबा उठेनात. चहा दोनदा गार झाला. ताईने दाराला कान लावला, तर आत दोन घरघरी अगदी एका सुरात. शेवटी ते बाहेर आले आणि मला म्हणाले, "जावईबापू, पंपघर सुटल्यापासून अशी झोप लागली नव्हती. तुमचं घर फार गप्प असतं हो." (आमच्या घराला गप्प म्हणणारा पहिलाच माणूस.) दुपारी ताईने पेटी बाबांच्या उशाशी नीट लावून दिली आणि निजवण्याची सूचना कॉम्प्युटरमधून काढून टाकली.

आता तिच्या कविताही स्वच्छ ऐकू येतात. तुम्ही तब्येतीला जपा, असे घरातल्या सर्वांच्या, फिरत्यांच्याही, वतीने सांगतो.

तुमचा,
भाऊजी

ता. क. : तुमच्याकडे एखादी जुनी डिस्क पडली असेल तर पाठवा. जागा किती आहे वगैरे पाहू नका, रिकामी चालेल, नादुरुस्तही चालेल. फक्त घरघरली पाहिजे.

ता. ता. क. : आवाज न करणारी नवी जात निघाली आहे म्हणतात. ती कृपा करून पाठवू नका. आणि जरा लवकर करा. सोमवारी ताई पेटी घेऊन अंधशाळेत जाणार आहे. सगळी पुस्तके उतरवून घेईपर्यंत पेटी तिथेच राहील. बाबांनी आत्ताच ताईला विचारले, की शाळेत पाहुण्यांच्या झोपण्याची सोय असते का.