रापणीतला वाटा

मालवण, ८ जानेवारी २०२५

चि. ग्लिनिस हिला पप्पांचे आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला ऐकायचं नसतं, म्हणून लिहितो. नाताळात आलीस आणि जाता जाता रापणीच्या म्होरक्याला, शिवाला, बजावून गेलीस की पप्पांना दोरीला हात लावू द्यायचा नाही. कुणाला विचारून? सत्तरी उलटली म्हणून माझी अक्कल समुद्रात वाहून गेली काय?

आता किनाऱ्यावर गेलो की मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवतात. सगळा वाडा मिळून रापणीचं जाळं ओढतो, मी बघतो. मासळीचे वाटे पडले की एक वाटा पिशवीत घालून माझ्या मांडीवर ठेवतात. रापणीत वाटा दोरी ओढणाऱ्याचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. न ओढता मिळते ती भीक. काल ती पिशवी शिवाच्या घरापुढच्या खळ्यात ठेवून आलो. तुझी आई म्हणते माझं डोकं फिरलंय. फिरलंयच.

शिवाला ताबडतोब कळव. जावयांना आणि नातीला, रिशेलला, आशीर्वाद. लोभ आहेच, पण सध्या राग जास्त आहे.

तुझा पप्पा,
कायतान

वसई, १६ जानेवारी २०२५

ती. पप्पांना सप्रेम नमस्कार.

राग मी तुमच्याकडूनच घेतलाय, तेव्हा माझाही सोसा. ऑक्टोबरात दोरी ओढताना ओल्या वाळूत तोंडावर पडलात आणि मला कळवलंत, किंचित सर्दी आहे. आईने सांगितलं नसतं तर? तुम्हाला काही झालं की रिक्षा, दवाखाना, सगळीकडे ती एकटी धावणार. मी गाडी पकडून पोचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन जाईल. चार बांगडे मिळावेत म्हणून हे सगळं? बाजारातून आणा की.

मी शिवाला काहीही कळवणार नाही. मला तुम्ही हवे आहात, एवढं साधं तुम्हाला कळत नाही याची चीड येते.

रुसलात तरी दोन ओळी टाका.

तुमची,
ग्लिनिस

मालवण, ३ फेब्रुवारी २०२५

गो ग्लिनिस, आईचा गोड मुका.

तुझं पत्र आलं आणि पप्पांनी किनारा सोडला. पलंगावर बसून भिंत बघायचे, पुढ्यातली पेज निवून जायची. उठताना माझा खांदा धरायला लागले. तुम्ही बापलेक रागावून मोकळे झालात, आता माझं ऐक. तुका तो जितो व्हयो, नुसता जिवंत; माका तो हिंडतो-फिरतो व्हयो.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यात उतरायचं नाही, पण बसून पायांतलं बळ चाललंय. कोरड्या वाळूत, दोरीच्या मागच्या टोकाला बेताने हात लावू द्या. तशीच शिवाकडे गेले आणि सांगितलं की ग्लिनिसचं मी बघून घेते, यांना दोरीला घे.

परवा पप्पा किनाऱ्यावर गेले. मागच्या टोकाला काम कमी, म्हणून शिवाने अर्धा वाटा दिला. घरी येऊन आरडाओरडा केला, सगळ्या वाड्याने ऐकला. ओरडता ओरडता ताटभर भात जेवले, वर कढी मागितली. आज उजाडताच शिवाशी भांडायला गेलेत.

शिवाला फोन करून पुरा वाटा द्यायला सांगशील तर खबरदार. ते भांडण त्यांचं आहे.

माया पातळ करू नको.

तुझी आई,
लुईझा