ताडी सोडल्यावर

अच्छाड, मार्च २०१७

प्रिय निर्मला,
येशूची शांती तुला, आणि पोटातल्या पाहुण्यालाही.

ताडी सोडायची खरी किंमत ऐक. चहात साखरच साखर जाते, आणि ताडीवाला लडक्या रुसलाय. परवा सायकलला मडकी लावून माझ्या पंक्चरच्या दुकानापुढे थांबला नि म्हणाला, "तुझ्या येशूनं लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, मग माझी ताडीच कडू?"
म्हटलं, "त्यानं बायकोला शब्द दिला नव्हता."

रविवारी प्रार्थनाघरात मंडळीपुढे उभं राहून साक्षही दिली, की मी प्रार्थना करतो नि मोह पळतो.

तू माहेरी वेळेवर जेवतेस ना? आई पाय चोळून देतात का? बाळाला ताडीचा वास नसलेलाच बाप मिळेल.

खरं मात्र तुलाच सांगतो. पळतो तो मीच. ट्रकांच्या गोंगाटातही मला मडकी वाजलेली ऐकू येतात, नि मी प्रार्थनाघर गाठतो. काल गिऱ्हाइकाचं चाक अर्धं खोललेलं टाकून गेलो. गुडघे टेकले तेव्हा पान्हा हातातच होता.

तुझाच,
नविन